पहिली गाडी, तीही वापरलेली आणि पळणारी : अबार्थ पुंटो, पोलो जीटी की बलेनो आरएस?

घाटवेडा (सातारा)

नमस्कार. गेली नऊ वर्षे दुचाकीवर काढल्यानंतर आता पहिली चारचाकी घ्यायची आहे. घरच्यांचा सल्ला सरळ आहे : नवी, लहान, हमी असलेली गाडी घ्यावी आणि गप्प बसावे. माझी अडचण अशी की रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणे किंवा मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर गाठणे हा माझा एकमेव शौक आहे, आणि वळणावळणाला खाली गिअर टाकून ज्या गाडीची विनवणी करावी लागेल अशी गाडी दारात उभी करण्याची माझी इच्छा नाही. नवी पळणारी गाडी माझ्या ऐपतीबाहेरची आहे. कागदपत्रे, विमा आणि पहिली दुरुस्ती असे सगळे धरून माझ्याकडे ७ लाख रुपये आहेत. सोमवार ते शनिवार एमआयडीसीपर्यंत जाऊन-येऊन १४ किलोमीटर, महिन्यातून एकदा पुणे आणि रविवारचा घाट, एवढाच वापर असेल.

तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. कोल्हापुरात २०१६ ची फियाट अबार्थ पुंटो, ६२,००० किलोमीटर चाललेली, मागणी ५.७५ लाख. सांगलीत २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, एकाच मालकाची, ४८,००० किलोमीटर, मागणी ५.२५ लाख. कराडला २०१८ ची मारुती बलेनो आरएस, ५५,००० किलोमीटर, मागणी ५.६० लाख. कागदावर अबार्थचे १.४ लिटरचे टी-जेट इंजिन १४५ बीएचपी आणि २१२ न्यूटन-मीटर देते (बीएचपी आणि पीएस ही ताकदीची मापे, न्यूटन-मीटर हे ओढीचे), पोलोचे १.२ लिटरचे इंजिन १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर, तर बलेनोचे १ लिटरचे बूस्टरजेट १०२ पीएस आणि १५० न्यूटन-मीटर. तिन्ही टर्बो पेट्रोल आहेत, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा इंजिनात जास्त हवा ढकलतो. पोलोला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स आहे, बाकी दोन्ही मॅन्युअल. मी यांपैकी एकही अजून चालवलेली नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

तंबोरा_मिरज

दादा, आधी एक तक्रार नोंदवून ठेवतो : 'पळणारी' म्हणालात, पण यांपैकी एकही स्पोर्ट्स कार नाही. स्पोर्ट्स कारला दोन दारे असतात आणि मागच्या सीटवर आत्याबाई बसू शकत नाहीत. आपल्याकडे या वर्गाला, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या छोट्या गाड्यांना, 'हॉट हॅच' म्हणतात आणि खुद्द कंपन्यांनी त्या मोजक्याच विकल्या. खरी स्पोर्ट्स कार हवी असेल तर बजेट दुप्पट करा, म्हणजे दहा-बारा वर्षांची ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यू झेड४ दिसू लागेल. तुमच्या यादीतलेच निवडायचे असेल तर माझे मत डोळे झाकून अबार्थला. तिचे स्टिअरिंग जुन्या पद्धतीचे हायड्रॉलिक आहे आणि रस्ता हाताला कळतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. केळघर उतरताना त्याचे मोल समजेल.

जुने_इंजिन (कराड)

वरील सल्ल्यातला पहिला अर्धा भाग पहिल्या गाडीवाल्याने कानाआड करावा. चाळीस लाखांची गाडी बारा वर्षांनी बारा लाखांना मिळते, पण तिचा ब्रेक, तिचे सस्पेन्शन आणि तिचा गिअरबॉक्स आपण आता बारा लाखांचे झालो हे मानत नाहीत. सुट्या भागांचे बिल चाळीस लाखांच्या गाडीचेच येते. वापरलेली पळणारी गाडी घेताना लोक खरेदीची किंमत पाहतात आणि तिथेच फसतात.

माझे स्वतःचे उदाहरण देतो. माझ्याकडे २००५ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटर टर्बो, १५० पीएस, पाच गिअर. ती मी २०१४ मध्ये ३ लाखांना घेतली आणि पहिल्या दीड वर्षात तिच्यावर जवळजवळ २ लाख घातले. यात गाडी बनवणाऱ्याचा दोष काडीचाही नव्हता. माझी चूक अशी की आधीच्या मालकाने तेल कोणते घातले आणि किती किलोमीटरवर बदलले हे मी विचारलेच नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हलक्या प्रतीचे तेल घालून ते पंधरा-वीस हजार किलोमीटर तसेच ठेवले, किंवा घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून इंजिन बंद करण्याची सवय असली, तर ते तेल तापलेल्या टर्बोत जळून काजळी होते आणि तेलाची वाट अडवते. मालकाने हे पाच वर्षे केले तरी गाडी विकताना ती झकास पळत असते आणि खर्च घेणाऱ्याच्या वाट्याला येतो. त्यामुळे माझा पहिला प्रश्न गाडी कोणती हा नसून मागे कोण होता हा असतो.

दुसरा मुद्दा वयाचा. खासगी गाडीचे आरसी १५ वर्षांचे असते आणि नंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावे लागते. तुमच्या तिन्ही गाड्यांना निदान २०३० पर्यंत तो प्रश्न नाही, ही जमेची बाजू समजा. मी स्वतः बलेनो घेईन. ती फक्त ९५० किलोंची आहे, त्यामुळे १०२ पीएस कमी वाटत नाहीत.

हळदपेठ (सांगली)

सांगलीची पोलो २०१५ ची आहे, म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती या शहरात उभी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि हे वाक्य मी सांगलीकर म्हणून जड मनाने लिहितो आहे. इर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले होते. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर या भागांतल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात होत्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच घडले. त्या गाड्यांपैकी ज्यांचा विमा पूर्ण नुकसानीत निघाला त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. विकणारा माणूस वाईटच असतो असे नाही. अनेकदा त्यालाही ती तशीच मिळालेली असते.

पाहणी अशी करा. चालकाच्या शेजारचा सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी थांबेपर्यंत बाहेर ओढा. गाडी धुणारा माणूस पट्ट्याचा रोज दिसणारा हातभर भाग घासतो, गुंडाळीत राहिलेला भाग कोणी धूत नाही, आणि गाळाची तपकिरी रेघ तिथे तशीच सापडते. मग सीट पुढे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट पाहा, कारण डिक्की आणि सीटखालच्या बोल्टांना कोरड्या गाडीत गंज चढत नाही. स्टेपनी उचलून तिच्या खळग्यात बोट फिरवा. पायाजवळचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा फोम दाबा. फ्यूजबॉक्सच्या तारांच्या जोडांवर हिरवट पावडर दिसली तर तिथूनच मागे फिरा. गाडीत अत्तराचा फार घमघमाट येत असेल तर काच लावून पाच मिनिटे एसी बंद ठेवून बसा, आतला वास आपोआप बोलू लागतो. टर्बो पेट्रोल गाडीत संगणक आणि सेन्सर जास्त असतात आणि पुराचे दुखणे बहुधा आठ-दहा महिन्यांनी, एखाद्या पावसाळी रात्री वर येते.

कंदी_पेढा

पुराचे वर आले, मी गिअरबॉक्सचे सांगतो. पोलो जीटीच्या त्या पिढीत कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी आहे. तो मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो, पण रांगत्या गर्दीत क्लच घसरत राहून तापतो आणि मेकॅट्रॉनिक नावाचा त्याचा मेंदू ही त्याची दुखरी जागा आहे. याच जातीच्या गिअरबॉक्ससाठी कंपनीने २०१३ मध्ये चीनमध्ये ३,८४,००० च्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या. खंबाटकीत ट्रक अडकला की अर्धा तास चढावर इंच इंच सरकावे लागते, आणि बहुतेक चालक ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतात. अशा गिअरबॉक्ससाठी यापेक्षा वाईट सवय नाही.

चाचणी घेताना गाडी थंड असताना सुरू करा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता सपाटीवर सरकू द्या आणि पहिल्यातून दुसऱ्या व दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरला थरथर जाणवते का ते बघा. मग वीस मिनिटे गर्दीत फिरवून पुन्हा तेच करा. थंड आणि गरम या दोन्ही वेळी वागणूक सारखी हवी. पोलोच हवी असेल तर २०२० नंतरची १ लिटर टीएसआय शोधा, तिच्यात डीएसजी नाही, मॅन्युअल किंवा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. पण ती ७ लाखांत बसवणे अवघड.

कागदपत्री (कराड)

सगळे इंजिनावर लिहीत आहेत, म्हणून मी कागदांवर लिहितो.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा आणि असेल तर विकणाऱ्याकडून बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. पतसंस्थेचे कर्ज फिटलेले असते पण नोंद तशीच राहिलेली असते, ही गोष्ट आपल्या भागात फार दिसते. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. तुमच्या तिन्ही गाड्या महाराष्ट्रातल्याच असल्याने, म्हणजे एमएच ०९, १० आणि ५० पासिंगच्या, कर पुन्हा भरावा लागणार नाही. बेळगाव किंवा बंगळुरूहून स्वस्तात मिळणाऱ्या गाडीचे आमिष कोणी दाखवले, तर तिकडची एनओसी, इकडचा कर आणि तिकडच्या परताव्याच्या खेपा मिळवून ती स्वस्त राहते का, याचा हिशेब आधी मांडा.

विम्याबाबत तीन गोष्टी. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. २०२२ च्या दरांनुसार १००० सीसीच्या आत २०९४ रुपये, १००० ते १५०० पर्यंत ३४१६ आणि त्यावर ७८९७. बलेनो आरएस ९९८ सीसीची असल्याने पहिल्या गटात बसते, बाकी दोन्ही मधल्या गटात. दुसरे म्हणजे नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे विकणाऱ्याची पन्नास टक्क्यांची सूट तुम्हाला मिळणार नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे : या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांचे रीमॅप झालेले असते, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला ते कारण पुरते. मालकाला थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

घाटवेडा (सातारा)

सर्वांचे आभार. काल सांगलीला जाऊन पोलो पाहून आलो.

गाडी चकचकीत होती, मालक सुशिक्षित आणि मृदू बोलणारे होते, चहा झाला, सर्व्हिस पुस्तकात शिक्के होते. डीएसजी थंड आणि गरम दोन्ही वेळी गुळगुळीत चालला. मी मनातल्या मनात गाडी घेऊन टाकली होती. निघताना हळदपेठ यांची सूचना आठवली म्हणून सीटबेल्ट ओढला. साधारण दोन हात पट्टा स्वच्छ काळा निघाला आणि त्यानंतर, जिथे तो गुंडाळीतून फार क्वचित बाहेर येतो तिथे, एक वाळलेली, कडक, चहाच्या डागासारखी आडवी रेघ होती. नखाने खरवडली तर बारीक माती सुटली. स्टेपनीखाली काहीच सापडले नाही, तिथे नवा रंग होता. मालकांना विचारले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पार्किंगमध्ये थोडे पाणी आले होते." सर्व्हिस पुस्तकात जुलै २०१९ नंतरचा शिक्का थेट फेब्रुवारी २०२० चा होता. मी नमस्कार करून निघालो. परतीच्या वाटेवर रागापेक्षा वाईट जास्त वाटले. बिचाऱ्यांचे घरही बुडाले असेल.

हळदपेठ (सांगली)

सीटबेल्टपर्यंत पाणी म्हणजे 'थोडे' नव्हे. वाचलात.

तंबोरा_मिरज

मग आता अबार्थ. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर कोणी मला धरायला नको : अ‍ॅव्हरेज दहा-अकराच्या वर अपेक्षित धरू नका. शिवाय आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्याच कारखान्यांच्या उसाचे इथेनॉल आपल्याच गाडीत येते, याचा शेतकरी म्हणून मला आनंद आहे, पण ई२० ला साजेशा साहित्याच्या गाड्या २०२३ पासूनच्या. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत, आणि गाडी महिना-महिना उभी ठेवू नये. हे तिन्ही गाड्यांना सारखेच लागू आहे.

जुने_इंजिन (कराड)

अबार्थबद्दल कोणी बोलत नाही ते मी बोलतो. फियाटने २०१९ मध्ये भारतातून आपल्या गाड्या बंद केल्या. टी-जेट इंजिन लिनियामध्येही होते आणि सस्पेन्शनचे पुष्कळ भाग साध्या पुंटोशी जुळतात, म्हणून यांत्रिक बाजू कशीबशी सांभाळता येते. पण पुढचा बंपर फुटला किंवा दिवा गेला तर महिनोन्महिने शोधाशोध होईल. ही गाडी रोज कामावर न्यायची आहे आणि घरात दुसरी गाडी नाही, हे विसरू नका. बलेनोचा साधा भाग तुम्हाला साताऱ्यातच मिळेल. आरएसचे इंजिन वेगळे असले तरी अंग बलेनोचेच आहे.

घाटवेडा (सातारा)

काका, तुमचे म्हणणे डोक्यात ठेवूनच आधी कराडची बलेनो पाहिली. खोटे सांगत नाही, मला ती आवडली. हलकी आहे, टर्बो फार उशिरा जागा होत नाही, मागेही डिस्क ब्रेक आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ निघाला. अडले ते तुमच्याच प्रश्नावर. सर्व्हिसची नोंद ३१,००० किलोमीटरवर थांबते आणि थेट ५३,००० वर, विक्रीच्या जाहिरातीच्या आदल्या आठवड्यात, पुन्हा उगवते. मधल्या २२,००० किलोमीटरांत तेल बदलले का, असे विचारले तर "ओळखीच्या गॅरेजमध्ये बदलत होतो" एवढेच उत्तर मिळाले. बिल नाही, तेलाचा प्रकार माहीत नाही. विकणारे तिसरे मालक आहेत आणि गाडी त्यांच्याकडे जेमतेम चार महिने आहे.

शनिवारी कोल्हापूरला गेलो. अबार्थचे मालक एका फाउंड्रीत काम करतात आणि त्यांनी गाडीआधी एक जाड फाइल समोर ठेवली. प्रत्येक बिल तारखेने लावलेले. तेल दर ७,००० ते ८,००० किलोमीटरवर बदललेले, प्रत्येक वेळी फुल सिंथेटिक. रीमॅप नाही, तसे त्यांनी कागदावर लिहून द्यायची तयारी दाखवली. दोष त्यांनी स्वतःच सांगितले : टायमिंग बेल्ट अजून मूळचा आहे आणि तो ताबडतोब बदलावा लागेल, टायर संपत आले आहेत (बाजूवर १४१८ असा आकडा आहे, म्हणजे २०१८ च्या चौदाव्या आठवड्यातले), आणि डाव्या मागच्या दाराला एकदा रंग मारला आहे. मग त्यांनी माळ्यावरून दोन खोकी उतरवली. एकात नवा पुढचा बंपर आणि एक दिवा, दुसऱ्यात क्लचचा पूर्ण संच. "कंपनी जाणार असे कळल्यावर घेऊन ठेवले," म्हणाले. हे सर्व गाडीबरोबर द्यायला तयार आहेत.

उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेऊन कॉम्प्रेशन तपासले, चारही सिलिंडर एकसारखे निघाले. इंटरकूलरची (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या भागाची) नळी सोडून आत बोट फिरवले, तेलाचा नुसता ओशटपणा होता, थेंब नव्हता. पाच मिनिटे तशीच चालू ठेवून मग जोरात रेस दिली, निळा धूर आला नाही. आता मत द्या.

जुने_इंजिन (कराड)

मूळ बेल्टवर ६२,००० किलोमीटर आणि इतकी वर्षे झाली असतील तर ती गाडी साताऱ्यापर्यंत चालवत आणू नका, बेल्ट कोल्हापुरातच बदला आणि वॉटर पंप त्याच वेळी बदलून घ्या. बेल्ट तुटला तर इंजिन उघडावे लागेल आणि मग त्या फाइलचा काही उपयोग नाही. बाकी मी माझे मत मागे घेतो, असे नाही. रोजच्या वापराला बलेनोच बरी, हे अजूनही म्हणतो, पण कराडची ती बलेनो नव्हे. दुसरी बलेनो मिळेपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा. नसेल तर ही फाइल असलेली गाडी घ्या.

कागदपत्री (कराड)

बंपर आणि क्लचची खोकी विक्रीच्या करारात नोंदवून घ्या. तोंडी गोष्टी गाडी फाटकाबाहेर पडली की विसरल्या जातात.

घाटवेडा (सातारा)

थांबलो नाही. ५.४० लाखांत अबार्थ घेतली. बेल्ट, वॉटर पंप, चार टायर आणि सगळी तेले मिळून ६० हजारांच्या आत बसले, विमा आणि हस्तांतरणाला ३५ हजार लागले. उरलेले ६५ हजार वेगळ्या खात्यात टाकले आहेत आणि वर्षभर त्यांना हात लावायचा नाही असे घरी कबूल केले आहे. विमा माझ्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत दिला. आई म्हणाली, गाडी लहान आहे आणि आवाज मोठा आहे. क्लच जड आहे, पोवई नाक्याच्या गर्दीत डावा पाय बोलू लागतो, हे खरे. पण रविवारी सकाळी साडेसहाला यवतेश्वरच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती ज्या रीतीने पुढे झेपावली, ते इथे लिहिण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत. वर पोहोचल्यावर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवले.

एकच गालबोट : आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर पहिल्याच संध्याकाळी पोट घासले. यावर काही उपाय आहे का?

जुने_इंजिन (कराड)

तिरकी घाला. एक-एक चाक चढू द्या. आणि मागे जड माणसे बसली असतील तर त्यांना आधी उतरवा.